मुंबईतील कण-विकिरण प्रयोगांची वाटचाल : अणुकेंद्रक संशोधनाचा ऐतिहासिक अभ्यास (१९४५ ते २००८)

प्रस्तावना :

भारतातील अणुसंशोधनाचा इतिहास मराठीत बहुधा अणुभट्ट्या, वीजनिर्मिती आणि पोखरणचे अणुस्फोट या तीन विषयांभोवतीच मांडला जातो. अणुकेंद्रक म्हणजे नेमके काय, त्याचा आकार किती, दोन केंद्रके परस्परांवर आदळली असता काय घडते, या मूलभूत प्रश्नांचा शोध घेणाऱ्या प्रयोगशाळांना त्या इतिहासात फारसे स्थान मिळत नाही. बीडसारख्या ग्रामीण जिल्ह्यातील विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला रदरफोर्ड यांचा विकिरण प्रयोग पाठ्यपुस्तकातून माहीत असतो. परंतु त्याच तत्त्वावर आधारलेले प्रयोग आपल्या राज्याच्या राजधानीत सहा दशकांहून अधिक काळ चालत आले आहेत, हे त्याच्यापर्यंत क्वचितच पोहोचते. प्रस्तुत शोधनिबंधात या उपेक्षित परंपरेचा आढावा घेतला आहे.

उद्दिष्टे :

१) विकिरण प्रयोगामागील तत्त्व व त्याची ऐतिहासिक पार्श्वभूमी स्पष्ट करणे.
२) मुंबईतील वेगवर्धकांच्या उभारणीचे टप्पे अभ्यासणे.
३) या प्रयोगांच्या फलिताचे व महत्त्वाचे मूल्यमापन करणे.

संशोधन पद्धती : प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

विषय विवेचन :

१. विकिरण प्रयोगाचे तत्त्व

इ. स. १९०९ मध्ये मँचेस्टर येथे गायगर व मार्सडेन यांनी धातूच्या अत्यंत पातळ पत्र्यावर अल्फा कणांचा मारा केला. बहुतेक कण आरपार गेले. मात्र सुमारे ८,००० कणांपैकी एखादा कण मागे फिरला. या निरीक्षणावरून १९११ मध्ये रदरफोर्ड यांनी असा निष्कर्ष काढला की, अणूचे जवळजवळ सर्व वस्तुमान व संपूर्ण धनभार त्याच्या अतिसूक्ष्म केंद्रात एकवटलेला असतो. डोळ्यांना वा सूक्ष्मदर्शकाला न दिसणारी वस्तू तिच्यावर आदळून परतणाऱ्या कणांच्या दिशेवरून ओळखावी, हे या पद्धतीचे सार होय.

तथापि, या पद्धतीला एक नैसर्गिक मर्यादा होती. अल्फा कण व केंद्रक हे दोन्ही धनभारित असल्याने ते परस्परांना दूर लोटतात. किरणोत्सारी द्रव्यांतून मिळणाऱ्या अल्फा कणांची ऊर्जा काही दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट इतकीच असते. त्यामुळे रदरफोर्ड यांचे कण सोन्याच्या केंद्रकापर्यंत प्रत्यक्षात पोहोचलेच नव्हते. ते बाहेरूनच वळले होते. विद्युत प्रतिसारणाचा हा अडसर ओलांडून केंद्रकाला स्पर्श करावयाचा, तर कणांना कृत्रिमरीत्या वेग देणे आवश्यक होते. १९३२ मध्ये केंब्रिज येथे कॉक्रॉफ्ट व वॉल्टन यांनी वेगवान प्रोटॉनांच्या साहाय्याने लिथियमचे केंद्रक फोडले. वेगवर्धकांचा पुढील सर्व इतिहास हा या अडसराशी झालेल्या झुंजीचा इतिहास आहे.

२. भाभा आणि मुंबईतील प्रारंभ

या घडामोडींच्या काळात होमी भाभा केंब्रिज येथेच शिकत होते. इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांच्या परस्पर विकिरणाचे गणित त्यांनी १९३० च्या दशकाच्या मध्यास मांडले. आज ते ‘भाभा विकिरण’ या नावाने जगभर ओळखले जाते. म्हणजेच, भारतीय अणुसंशोधनाचा शिल्पकार हा मुळात विकिरणाचाच अभ्यासक होता. त्यांच्या प्रयत्नांतून १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन झाली व त्याच वर्षी ती बंगळूरहून मुंबईस आली. पुढे १९५४ मध्ये तुर्भे येथील अणुऊर्जा संस्था सुरू झाली. भाभांच्या निधनानंतर १९६७ मध्ये तिला भाभा अणुसंशोधन केंद्र हे नाव देण्यात आले.

तुर्भे येथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ व १९६० मध्ये ‘सायरस’ या अणुभट्ट्या कार्यान्वित झाल्या. त्यांतून मिळणाऱ्या न्यूट्रॉनांवर विद्युतभार नसल्याने त्यांना वरील अडसर आड येत नाही. राजा रामण्णा व त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूट्रॉनांनी घडणाऱ्या विखंडनाचा सखोल अभ्यास केला. परंतु ठरावीक ऊर्जेचे, हव्या त्या दिशेचे भारित कण अणुभट्टीतून मिळत नाहीत. त्यासाठी तुर्भे येथे १९६० च्या दशकाच्या प्रारंभी ५.५ दशलक्ष व्होल्टचा व्हॅन डी ग्राफ वेगवर्धक बसविण्यात आला. हलक्या केंद्रकांच्या अभ्यासासाठी तो पुरेसा होता. जड केंद्रकांपुढे मात्र त्याची शक्ती तोकडी पडत होती.

३. पेलेट्रॉन वेगवर्धक (१९८८)

१९७४ च्या पोखरण येथील चाचणीनंतर कॅनडा व अमेरिका या देशांनी अणुक्षेत्रातील सहकार्य आखडते घेतले. अशा काळानंतरही मूलभूत संशोधनासाठी अमेरिकेतील कंपनीकडून १४ दशलक्ष व्होल्टचा पेलेट्रॉन प्राप्त झाला, ही बाब लक्षणीय आहे. भाभा अणुसंशोधन केंद्र व टाटा मूलभूत संशोधन संस्था यांच्या या संयुक्त सुविधेचे उद्घाटन डिसेंबर १९८८ मध्ये कुलाबा येथे झाले.

या यंत्राची रचना उभी असून त्याची प्रचंड टाकी विद्युत ठिणग्या रोखणाऱ्या सल्फर हेक्झाफ्लोराइड वायूने भरलेली असते. ऋणभारित आयन मध्यभागी असलेल्या धन टोकाकडे खेचले जातात. तेथे कार्बनच्या पातळ पापुद्र्यातून जाताना त्यांचे इलेक्ट्रॉन झडतात व ते धनभारित होतात. आता तेच टोक त्यांना दूर लोटते. अशा रीतीने एकाच विद्युतदाबाचा दोनदा उपयोग होतो. सर्व सहा इलेक्ट्रॉन गमावलेल्या कार्बन केंद्रकास या यंत्रात तत्त्वतः ९८ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा मिळू शकते. शिशासारख्या जड केंद्रकाचा अडसर ओलांडण्यास ती पुरेशी आहे.

४. स्वदेशी विस्तार

अधिक जड कणांसाठी याहून अधिक ऊर्जा लागते. नवा महाकाय वेगवर्धक विकत न घेता, पेलेट्रॉनमधून बाहेर पडणाऱ्या कणांना आणखी वेग देणारा अतिसंवाहक रेषीय वेगवर्धक मुंबईतच विकसित करण्यात आला. तांब्यावर शिशाचा मुलामा दिलेली २८ अनुनादके द्रवरूप हेलियमने उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड ठेवली जातात. हे काम २००७ मध्ये पूर्णत्वास गेले. तत्पूर्वी २००० मध्ये तुर्भे येथील जुन्या व्हॅन डी ग्राफच्या सुविधांचा उपयोग करून दुमडलेल्या रचनेचा नवा वेगवर्धकही उभा राहिला होता. विकत आणलेले यंत्र समजून घेणे, त्याला जोड देणे व अखेर स्वतःचे यंत्र घडविणे, असा हा क्रम दिसून येतो.

५. संशोधनाचे फलित

मुंबईतील प्रयोगांत लिथियमसारख्या सैल बांधणीच्या केंद्रकांना विशेष स्थान मिळाले. अशी केंद्रके लक्ष्यावर आदळताना मध्येच फुटू शकतात. त्यामुळे अडसराहून अधिक ऊर्जा असतानाही त्यांचे पूर्ण संमीलन अपेक्षेपेक्षा कमी प्रमाणात होते, हे येथील मोजमापांतूनही दिसून आले.

दुसरे उदाहरण थोरियमशी संबंधित आहे. थोरियमपासून युरेनियम-२३३ तयार होताना मधल्या टप्प्यावर प्रोटॅक्टिनियम-२३३ निर्माण होते. त्याचा अर्धायुकाल सुमारे २७ दिवसांचाच असल्याने त्याचे लक्ष्य बनवून थेट प्रयोग करणे अवघड असते. मुंबईतील संशोधकांनी थोरियमवर लिथियमचा मारा करून हीच माहिती अप्रत्यक्ष मार्गाने मिळविली व २००८ मध्ये ती प्रसिद्ध केली. थोरियमचे विपुल साठे असलेल्या भारताच्या दृष्टीने या मोजमापाचे मोल मोठे आहे.

निष्कर्ष :

१) भारतीय अणुसंशोधनाचा इतिहास केवळ अणुभट्ट्या व अणुस्फोट यांपुरता सीमित नाही, विकिरण प्रयोगांची परंपरा हा त्याचा तितकाच महत्त्वाचा भाग आहे.

२) मुंबईतील वेगवर्धकांचा प्रत्येक टप्पा आधीच्या यंत्राच्या ऊर्जामर्यादेतून उद्भवला.

३) परदेशी यंत्रापासून स्वदेशी अतिसंवाहक वेगवर्धकापर्यंतचा प्रवास हा केवळ खरेदीचा नसून कौशल्यसंपादनाचा इतिहास आहे.

४) केंद्रकाविषयीच्या निव्वळ जिज्ञासेतून उभारलेली साधने पुढे थोरियमसारख्या राष्ट्रीय गरजेच्या विषयातही उपयोगी पडली. म्हणून मूलभूत संशोधनाचे मूल्य तात्कालिक उपयुक्ततेवर ठरविणे योग्य नाही.

५) ग्रामीण महाविद्यालयांत रदरफोर्ड यांचा प्रयोग शिकविताना तुर्भे व कुलाबा येथील या परंपरेची जोड दिल्यास, हे विज्ञान केवळ परदेशात घडलेले नाही याची जाणीव विद्यार्थ्यांमध्ये निर्माण होईल.