रजेचं कूळ

घाटकोपरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी सकाळी साडेसहाच्या सुमाराला खराट्याचा आवाज येतो. झाडणाऱ्या मावशी कंत्राटदाराकडे कामाला आहेत. गेल्या पावसाळ्यात चार दिवस तो आवाज आला नाही. पाचव्या दिवशी त्या दिसल्या, चेहरा उतरलेला, खराट्याच्या काठीवर भार टाकून उभ्या. मी विचारलं, "मावशी, रजेवर होता का?"

"रजा कुठली ताई? ताप होता. चार खाडे पडले."

मी घरी आले, पण ते दोन शब्द डोक्यातून जाईनात. ताप तोच, घर तेच, दिवसही तेवढेच. महापालिकेच्या कायम कामगाराला तो ताप आला असता तर ते चार दिवस 'रजा' झाले असते. मावशींचे 'खाडे' झाले. खाडा म्हणजे हजेरीपटातलं रिकामं घर. त्या घरात आजार लिहायला जागा नसते, माणूस आला नाही एवढंच त्यातून कळतं. पगारातून मात्र तो बरोबर कापला जातो.

रजा हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला, मूळ अरबी. 'रिझा' म्हणजे संतोष, खुशी, संमती. त्याच धातूतून 'राजी' आला, 'राजीनामा' आला आणि 'मर्जी'ही आली. रजा आणि मर्जी या सख्ख्या बहिणी आहेत, हे एकदा लक्षात आलं की कचेऱ्यांतल्या कितीतरी गोष्टींचा उलगडा होतो. जुन्या मराठीत पाहुणा उठताना 'आता रजा द्या' म्हणायचा, म्हणजे जायची परवानगी द्या. चाकर धन्याकडे रजा मागायचा, म्हणजे धन्याची खुशी मागायचा. धनी राजी असेल तर रजा, नसेल तर नाही. आजही अर्जाच्या शेवटी आपण 'रजा मंजूर व्हावी ही विनंती' असंच लिहितो. 'मंजूर'च्या पोटात 'नजर' आहे. साहेबांनी नजर टाकली, पसंत पडलं, मंजूर झालं.

सुट्टीचं तसं नाही. सुट्टी 'सुटणे'च्या घरातली. रविवारी, दिवाळीला, पंधरा ऑगस्टला सगळे एकदम सुटतात, कुणाच्या पाया पडावं लागत नाही. 'सुट्टी आहे' आणि 'रजा घेतली' यांतला फरक मराठी माणूस सहसा चुकत नाही. आजारपण कॅलेंडर बघून येत नाही, म्हणून त्याला सुट्टी नसते. त्याला रजाच लागते, आणि रजा म्हटली की कुणाची तरी मर्जी आली.

पगाराचं मूळ मात्र इथलंच म्हणायला हवं, निदान उपनगरांत राहणाऱ्यांनी. अंधेरी, मरोळ, बोरिवली, मुलुंड ही सारी साष्टीतली गावं. १५३४ पासून १७३७ पर्यंत, मराठ्यांनी साष्टी घेईपर्यंत, इथे पोर्तुगीजांचा अंमल होता. त्यांच्या भाषेत 'पागार' म्हणजे देणं चुकतं करणं. ते क्रियापद लॅटिनच्या 'पाकारे'वरून आलं, आणि 'पाकारे'च्या मुळाशी 'पाक्स' आहे, म्हणजे शांती. येणेकऱ्याचं देणं फेडून त्याला शांत करायचं, त्याचा जीव निवेल असं करायचं. महिनाभर राबलेला माणूस हा येणेकरीच असतो. हा अर्थ मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यात दान नाही आणि उपकारही नाही. देणं आहे, ते फिटल्याशिवाय शांतता नाही.

जाता जाता एक सांगते. पगार आणि कामगार यांचं यमक छान जुळतं, पण त्यांतले दोन 'गार' वेगळे. कामगारातला 'गार' फारसी प्रत्यय आहे, करणारा या अर्थाचा. पगारातला 'गार' हा तुकडाच नाही, तो आख्खा पोर्तुगीज शब्द आहे. हिंदी 'तनख्वाह' फारसीतून आली, तन म्हणजे देह आणि ख्वाह म्हणजे चाहणं, देहाला जे हवं ते. हा शब्द मराठीत 'तनखा' होऊन संस्थानिकांच्या वाट्याला गेला, आणि १९७१ मध्ये घटनादुरुस्तीनं ते तनखे बंद झाले. कामगाराच्या देहाची गरज भागवायला राहिला भत्ता. भत्ता आणि भात दोघेही 'भक्त'चे वंशज, म्हणजे वाटून दिलेलं अन्न. कौटिल्यानं अन्न आणि मजुरी यांचा जोडशब्दच वापरला आहे, 'भक्तवेतन'. महागाई भत्त्याची थकबाकी मागणारा माणूस शब्दशः ताटातला भात मागत असतो.

अंधेरी आणि घाटकोपर १९५० मध्ये मुंबई महापालिकेच्या हद्दीत आली, बोरिवली आणि मुलुंड १९५७ मध्ये. हद्द वाढली तशा हजेरी चौक्या आल्या, मुकादम आले, आणि त्यांच्याबरोबर रजेचे प्रकारही आले. सरकारी मराठीनं या प्रकारांना जी नावं दिली आहेत ती एकदा सावकाश वाचण्यासारखी आहेत. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ आहेत. त्यांत 'अर्जित रजा' आहे, म्हणजे काम करून कमावलेली. 'अर्धवेतनी रजा' आहे, वर्षाला २० दिवस, निम्म्या पगाराची. आजारी माणूस डॉक्टरचा दाखला जोडून तीच पूर्ण पगारी करून घेऊ शकतो, तिचं नाव 'परिवर्तित रजा'. तेव्हा खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. खात्यात शिल्लकच नसेल तर 'अनर्जित रजा', न कमावलेली, पुढच्या नोकरीवरची उसनवार. कामगार यातलं एकही नाव घेत नाही. तो म्हणतो, 'मेडिकल टाकली' किंवा 'सिकवर आहे'.

या नावांत 'अर्जित' हा शब्द आला, ती मला रजेच्या इतिहासातली सगळ्यांत मोठी उडी वाटते. मर्जीनं मिळणारी गोष्ट कमाई झाली, तिचं खातं उघडलं, तिच्यात शिल्लक पडू लागली. ही उडी आपोआप पडली नाही. त्यामागे युनियनच्या वाटाघाटी आहेत, गेट मीटिंगा आहेत, कित्येकांचे बुडालेले पगार आहेत. आणि तरी त्याच नियमांत एक ओळ शाबूत आहे: रजा हक्क म्हणून मागता येणार नाही. लोकसेवेची निकड असेल तर अधिकारी ती नाकारू शकतो. नियमावली कितीही नवी असली तरी तिच्या तळाशी रिझा अजून बसलेली आहे. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्यानं, ज्याला सगळे ईएसआय म्हणतात, निदान एक पाऊल पुढे टाकलं. आजारी विमेदार कामगाराला वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सरासरी रोजाच्या ७० टक्के रक्कम मिळते, आणि ती साहेब नव्हे, विमा देतो. कंत्राटी कामगारही त्यात बसतो. कंत्राटदारानं त्याचं नाव मात्र नोंदवलेलं असलं पाहिजे.

आता संप. घाटकोपर-मुलुंडला राहणाऱ्या मराठी माणसाला हा शब्द दोन कानांनी ऐकू येतो. शेजारच्या गुजराती घरातल्या बा नव्या सुनांना सांगतात, 'संपीने रहेजो'. म्हणजे मिळूनमिसळून, एकदिलानं राहा. गुजरातीत संप म्हणजे एकी, सलोखा, आणि काम बंद करण्याला 'हडताळ' म्हणतात, हाटाला टाळं. मराठीत एकीचाच शब्द काम थांबवण्याला मिळाला. मराठी माणूस मात्र कानाला जवळचं म्हणून संपाला 'संपणे'शी जोडतो, आणि मालकांना ते सोयीचंही पडतं. आपल्या 'हरताळ फासणे'चा बाजाराच्या टाळ्याशी संबंध नाही. तो हरताळ म्हणजे पोथीतली चुकलेली अक्षरं पुसायला लावायचा पिवळा रंग. करारातली कलमं पुसली जातात तेव्हा हाच वाक्प्रचार चपखल बसतो.

८ जानेवारी २०१९ ला बेस्टच्या बस आगारांतच राहिल्या आणि नऊ दिवस बाहेर पडल्या नाहीत. मागण्यांत एक मागणी २००७ नंतर लागलेल्यांच्या वेतनश्रेणीची होती. एकाच मार्गावर, एकाच पाळीत दोन कंडक्टर, आणि दोघांचा पगार वेगळा. त्या संपातली एकी म्हणजे जुन्यांनी नव्यांसाठी उभं राहणं होतं, आणि तिथे संप हा शब्द आपल्या मूळ अर्थाला जागला असं मला वाटतं. ऑगस्ट २०२३ मध्ये तर घाटकोपर आणि मुलुंडच्या आगारांतून भाडेतत्त्वावरच्या बसचे कंत्राटी चालक पगारवाढीसाठी बाहेर पडले आणि बघता बघता इतर आगारंही थांबली. त्यांच्या पाठीशी बेस्टमधल्या जुन्या युनियनसारखी मोठी संघटना नव्हती, तरी संप झाला.

कधी कधी शब्द टाळावाही लागतो. एसटीच्या २०२१-२२ च्या लढ्यात सहकाऱ्यांच्या आत्महत्यांनंतर कर्मचारी सांगू लागले की आम्ही संपावर नाही, दुखवट्यात आहोत. संप म्हटला की कायदा लागतो, निलंबन येतं. दुखवट्याला कुठलं कलम लावणार? बोरिवलीच्या नॅन्सी कॉलनीच्या आगारात उभ्या राहिलेल्या बसमागे तो शब्द होता. कायद्याच्या चौकटीत न मावणारं दुःख त्यांनी घरातल्या शब्दात आणून ठेवलं.

शब्द बदलण्याची युक्ती दुसऱ्या बाजूलाही येते, आणि तिथे मला राग येतो. झोपडपट्ट्यांच्या सफाईसाठी महापालिकेनं दत्तक वस्ती योजना आणली, तिच्यात झाडणाऱ्यांना कागदावर 'स्वयंसेवक' म्हटलं गेलं. घरोघरी फिरून लसीकरणाची, गरोदर बायांची नोंद ठेवणाऱ्या बायका 'आरोग्य स्वयंसेविका' झाल्या. स्वयंसेवकाला पगार नसतो, 'मानधन' असतं. मान आणि धन, दोन्ही थोर शब्द. व्याख्यात्याला द्यायच्या पाकिटावर मानधन हा शब्द शोभतो. तो झाडूवाल्याच्या हातावर ठेवला की पगारातलं 'देणं' निघून जातं. मानधन देणारा उपकार करतो, घेणारा भाग्यवान ठरतो. त्याच्यासोबत रजाही जाते, कारण स्वखुशीनं आलेल्या माणसाला रजा कशाला? गंमत नाही, खरंच क्लेशाची गोष्ट अशी की उर्दूत स्वयंसेवकाला 'रझाकार' म्हणतात, आणि तो शब्द रजेच्याच धातूतून निघाला आहे. मराठवाड्यात त्या शब्दानं वेगळ्याच भयानक आठवणी ठेवल्या. मूळ अर्थ एवढाच, आपल्या राजीखुशीनं काम करणारा. आधी कामगारानं मालकाची खुशी मागायची, मग मालकानं कामगाराचीच खुशी गृहीत धरायची.

कचरा वाहतूक श्रमिक संघानं हे शब्द कोर्टात नेले. वर्षानुवर्षं खटला चालला आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुंबईच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याच्या बाजूनं निर्णय दिला. कायम हाही अरबीच. जो उभा आहे, टिकून आहे, तो कायम.

दिवाळीनंतर मावशींना पुन्हा ताप आला. या वेळी त्या तिसऱ्या दिवशी दुपारी घरी आल्या, हातात दवाखान्याचा कागद. मुकादमानं अर्ज मागितला होता आणि तो मी लिहून द्यावा असं त्यांचं म्हणणं. मी वहीचं पान फाडलं, तारीख घातली, विषय लिहिला, 'आजारपणामुळे गैरहजर राहिल्याबाबत'. त्यांना वाचून दाखवलं. त्या जरा वेळ गप्प राहिल्या.

"ताई, ते गैरहजर काढा. रजा लिहा."

मी ते पान बाजूला ठेवलं आणि नवीन घेतलं.