वितळजोडकामातील सांधा-अनुसरण

दोन धातुभागांच्या कडा वितळवून त्या एकजीव करताना जोडसाधनाचे टोक सांध्याच्या रेषेवर राहावे, म्हणून त्या रेषेचा सतत माग घेण्याच्या क्रियेस सांधा-अनुसरण म्हणतात. हाताने काम करणारा वेल्डर हा माग डोळ्याने घेतो व मनगटाने चूक सुधारतो. यंत्रमानवाकडून हेच काम करवून घ्यावयाचे असल्यास त्यास संवेदक जोडावा लागतो. लेसर रेषेवर आधारलेला संवेदक हा त्यांपैकी एक प्रमुख प्रकार होय. सांधा सपाट, आडवा, उभा की डोक्यावर आहे, यावर जोडकामाचा अवघडपणा ठरत असल्याने अनुसरणाचा इतिहास जोडकामाच्या स्थितींच्या इतिहासाशी निगडित आहे.

ऐतिहासिक आढावा : न्यिकलाय बेनार्डोस व स्तानिस्लाव्ह ओल्शेफ्स्की यांनी कार्बन अग्राच्या विद्युत् प्रज्योतीने धातू जोडण्याची एकस्वे १८८५–८७ या काळात मिळविली. वितळलेला धातू गुरुत्वाकर्षणाने ओघळत असल्याने उभे व डोक्यावरील सांधे प्रारंभी फार अवघड होते. जहाजांच्या बाष्पित्रांची दुरुस्ती करणारे स्वीडिश अभियंते ऑस्कर चेलबेरी यांनी १९०७ च्या सुमारास लेपयुक्त अग्र प्रचारात आणले. लेपाच्या मळीमुळे धातूस आधार मिळून हाताने सर्व स्थितींत काम करणे शक्य झाले. १९३० नंतरच्या दशकात प्रज्योत चूर्णाखाली झाकून काम करणारी स्वयंचलित पद्धत आली. तीत वेग वाढला; परंतु सुटे चूर्ण उतारावरून घरंगळत असल्याने ती मुख्यतः सपाट सांध्यांपुरतीच राहिली. सरळ रुळावरून जाणारी गाडी व खाचेत फिरणारे चाक एवढीच तिची अनुसरणाची साधने होती.

अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या कारखान्यात १९६१ मध्ये पहिला औद्योगिक यंत्रमानव कामास लागला. शिकविलेला मार्ग तो तंतोतंत गिरवी. परंतु प्रत्यक्षातील सांधा दर वेळी त्याच जागी नसतो. कापण्यातील फरक, पकडीतील ढिलाई आणि उष्णतेने येणारा वाक यांमुळे तो सरकतो. जोडतारेचा व्यास बहुधा १ ते १·२ मिमी. असल्याने एका मिमी.चे अंतरही सांधा कच्चा राहण्यास पुरेसे ठरते. यावर प्रथम स्पर्शशलाका योजण्यात आल्या. पुढे प्रज्योत आडवी झुलवून तिच्या प्रवाहातील बदलावरून सांध्याचा मध्य काढण्याची पद्धत निघाली. ती स्वस्त असली, तरी पातळ पत्र्यास गैरसोयीची आहे आणि प्रज्योत पेटल्यावाचून ती चालत नाही. थीओडोर मेमन यांनी १९६० मध्ये पहिला लेसर बनविला, तर १९६९ मध्ये बॉइल व स्मिथ यांनी विद्युत् भार-युग्मित प्रयुक्ती शोधली. या दोहोंच्या संयोगातून १९८० नंतरच्या दशकात लेसर संवेदक कारखान्यांत आले.

तत्त्व : संवेदक प्रज्योतीच्या काही सेंमी. पुढे बसवितात. तो सांध्यावर आडवी लेसर रेषा टाकतो व कॅमेरा ती तिरकस कोनातून पाहतो. पृष्ठभाग जेथे खाली जातो तेथे रेषा सरकलेली किंवा मोडलेली दिसते. या सरकण्यावरून त्रिकोणमितीने खोली व रुंदी मिळते. प्रज्योतीचा प्रखर प्रकाश वगळण्यासाठी केवळ लेसरची तरंगलांबी आत सोडणारा गाळक वापरतात. संवेदक पुढे व प्रज्योत मागे असल्याने मोजमाप काही काळ राखून ठेवावे लागते. उदा., हे अंतर ४० मिमी. व गती सेकंदास १० मिमी. असल्यास दुरुस्ती ४ सेकंदांनी अंमलात आणतात. दोन पत्र्यांच्या कडा फट न ठेवता भिडलेल्या असल्यास रेषा मोडत नाही आणि सांधा सापडणे कठीण जाते.

स्थितीचा परिणाम : मोजमापाची भूमिती गुरुत्वाकर्षणावर अवलंबून नसते; त्यामुळे संवेदक कोणत्याही स्थितीत सांधा शोधू शकतो. वितळलेल्या धातूचे मात्र तसे नाही. आडव्या सांध्यात धातू खालच्या कडेकडे उतरतो. म्हणून प्रज्योत मोजलेल्या मध्यापासून किंचित वर रोखावी लागते. खालून वर जाणाऱ्या उभ्या सांध्यात संवेदक प्रज्योतीच्या वर येऊन धूर व उष्णता यांच्या मार्गात सापडतो, तर वरून खाली येताना ठिणग्या त्याच्यावर पडतात. डोक्यावरील सांध्यात त्याची काच वर तोंड करून असते व तीवर धातूचे तुषार बसतात. यासाठी बदलता येण्याजोगी काच, हवेचा झोत व शीतन यांची योजना करतात. स्थिर नळाभोवती फिरताना स्थिती क्षणोक्षणी बदलते. ५०० मिमी. व्यासाच्या नळावर ४० मिमी. पुढे असलेला संवेदक प्रज्योतीपेक्षा सु. ९ अंश पुढची जागा पाहतो. प्रवाह, गती व झुलविण्याची रुंदी यांत स्थितीप्रमाणे करावयाचे बदल संवेदक सुचवीत नाही. ते जाणत्या माणसाने आधी ठरवून आज्ञावलीत घालावे लागतात. म्हणून शक्य तेथे वस्तूच फिरवून सांधा सपाट आणण्याचा प्रघात आहे.

महाराष्ट्रातील संदर्भ : जी वस्तू सहज फिरविता येत नाही तिचे ठळक उदाहरण पाणबुडीचे दाबकवच होय. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली शाल्की ही भारतात बांधलेली पहिली पाणबुडी १९९२ मध्ये नौदलात दाखल झाली. अशा कवचाचे उभे वलय जागेवरच जोडल्यास एकाच सांध्यात सपाट, उभी व डोक्यावरील या तिन्ही स्थिती येतात. मराठवाड्यात लातूरजवळ हरंगुळ येथील रेल्वे डब्यांच्या कारखान्याची पायाभरणी ३१ मार्च २०१८ रोजी झाली व डब्याचे पहिले कवच २५ डिसेंबर २०२० रोजी तयार झाले. डब्यांच्या कवचाचे सांधे लांब व पुनरावर्ती असल्याने अशा कामास यांत्रिक जोडकाम सोयीचे ठरते. मात्र अगंज पोलादाच्या चकाकीने लेसर रेषेची खोटी प्रतिबिंबे उमटतात आणि त्याचे नेहमीचे प्रकार साध्या पोलादापेक्षा तापल्यावर अधिक प्रसरण पावत असल्याने पत्राही अधिक वाकतो. म्हणजे जेथे अनुसरणाची गरज मोठी, तेथेच ते अवघडही असते.

याच विभागाच्या ईशान्य टोकाला, तेलंगणाच्या सीमेलगत, मुदखेड–आदिलाबाद लोहमार्गावर किनवट हे तालुक्याचे ठिकाण आहे. अशा गावांतील वेल्डरपुढे शेतीची अवजारे, ट्रॉली, दारे व खिडक्यांच्या जाळ्या असे काम येते. त्यात एकासारखा दुसरा सांधा क्वचितच असतो आणि ट्रॉलीखाली आडवे पडून डोक्यावरचा सांधा भरणे हे नित्याचे असते. तेथे संवेदक परवडणार नाही व उपयोगीही पडणार नाही. मोठ्या कारखान्यात मात्र केवळ सरळ, सपाट सांधा भरणाऱ्या कामगाराची जागा यंत्र घेऊ शकते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील वेल्डर हा अभ्यासक्रम एक वर्षाचा असून आठवी उत्तीर्ण विद्यार्थ्यास त्यात प्रवेश मिळू शकतो. ग्रामीण व आदिवासी भागातील तरुणास कारखान्यात नेणारी ही एक जवळची वाट आहे. सर्व स्थितींत हाताने काम करता येणे आणि संवेदकाने दाखविलेली रेषा वाचून योग्य ते बदल सुचविता येणे, ही दोन्ही कौशल्ये ज्याच्याजवळ आहेत त्याला ही वाट पुढेही मोकळी राहील. कारण यंत्रास प्रत्येक स्थितीचे नियम शिकविण्यासाठी ती स्थिती हाताने अनुभवलेला माणूसच लागतो.