खर्जाचे घर

भारत गुणवर्धक संस्थेने १८९५ साली शालीबंड्यात सार्वजनिक गणेशोत्सव सुरू केला, तेव्हा मंडपातल्या शेवटच्या श्रोत्यापर्यंत गाणे पोचविणारे विजेचे यंत्र जगात कोठेच नव्हते. गाणाऱ्याचा गळा, पखवाजाच्या धुमेला लावलेली कणीक आणि तंबोऱ्याचा भोपळा एवढ्यावरच सारी भिस्त असे. त्यानंतरच्या शतकभरात आपल्या उत्सवांचा आवाज वाढत गेला आणि त्याचा इतिहास आपण बहुधा तक्रारीच्या सुरातच सांगतो. परंतु त्या आवाजाच्या पोटात आणखी एक इतिहास आहे. तो खर्जाचा, म्हणजे सर्वांत खालच्या स्वरांचा आहे. उंच स्वर मोठा करणे तुलनेने सोपे असते; खालचा स्वर मोठा करावयाचा तर त्याला राहण्यासाठी घर बांधून द्यावे लागते. हे घर कसे बांधावे आणि त्याचा मेळ शक्तीशी कसा घालावा, या प्रश्नाशी बेस गिटार या वाद्याइतके निकराने दुसरे कोणतेच वाद्य झगडले नाही. आपल्या घरांतील नातवंडे आता ते वाद्य गळ्यात अडकवून हिंडतात, म्हणून त्या झगड्याची हकीकत सांगण्याचे योजिले आहे.

प्रारंभ आपल्याच शहरातून करू. निजामाच्या राज्यातील डेक्कन रेडिओचे प्रसारण ३ फेब्रुवारी १९३५ रोजी सुरू झाले. तेथून मराठी कार्यक्रमही होत, ही गोष्ट जुन्या मंडळींना ऐकून तरी ठाऊक असेल. त्या काळचे रेडिओ संच म्हणजे जाड लाकडाच्या पेट्या. संच बिघडला म्हणजे दुरुस्ती करणारा आतला स्पीकर बाहेर काढून मेजावर ठेवी आणि तसाच वाजवून पाही. मग तोच आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा चिरका लागे. पेटीत परत बसविताच भारदस्तपणा परत येई. याचे कारण असे, की स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. उंच स्वरांची लहर आखूड असल्यामुळे या दोन बाजूंची गाठ पडत नाही. खर्जाची लहर मात्र लांबलचक असते. ती पडद्याच्या कडेवरून वळून मागे जाते आणि पुढचे-मागचे एकमेकांस खाऊन टाकतात. लाकडी पेटीचे पहिले काम हे भांडण थांबविण्याचे. शोभा नंतरची.

ज्या स्पीकरविषयी आपण बोलत आहोत तो १९२५ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या राइस आणि केलॉग या दोघांनी सिद्ध केला. त्याची मूळ रचना आजही तीच आहे. पुढे बेल प्रयोगशाळेच्या अल्बर्ट थुरास याने पेटीला मोजून-मापून एक भोक पाडले आणि पडद्यामागची वाया जाणारी हवा उलटवून पुढच्या हवेच्या मदतीला आणली. त्याचे पेटंट १९३२ चे. पेटीकडे स्वतःचा स्वर असलेले वाद्य म्हणून पाहण्याची सुरुवात येथून झाली, असे मला वाटते.

तोवर वाद्यवृंदात खर्ज सांभाळणारा वादक माणसाहून उंच असा डबल बेस घेऊन उभा राही. ट्रंपेट आणि ड्रम यांच्या गदारोळात त्याचा आवाज बुडे. एव्हरेट हल हा असाच एक वैतागलेला बेसवादक. त्याने वाद्याच्या जमिनीवर टेकणाऱ्या खुंटीतच मायक्रोफोन बसविला आणि १९४६ पासून त्याचा व्यवसाय मांडला. 'ॲम्प्लिफाइड पेग', म्हणजे आवाज वाढविलेली खुंटी, यावरून 'ॲम्पेग' हे नाव पडले. १९५१ साली कॅलिफोर्नियाच्या लिओ फेंडरने भरीव लाकडाचा, पडदे असलेला, गळ्यात अडकविता येणारा विजेचा बेस बाजारात आणला. या वाद्याला पोट नाही. तार छेडली तरी शेजारच्यालाही नीट ऐकू येत नाही. त्याचे पोट म्हणजे स्पीकरची पेटी, आणि ती वाद्यापासून दहा हात दूर ठेवलेली. म्हणून फेंडरला लागलीच १९५२ साली 'बेसमन' नावाचा ॲम्प्लिफायर काढावा लागला. त्यात पंधरा इंची एक स्पीकर आणि जेमतेम २६ वॅट शक्ती होती.

या बेसमनची पुढची कहाणी मोठी बोधक आहे. दोनच वर्षांत फेंडरने पंधरा इंची स्पीकर काढून त्याच्या जागी दहा इंची चार बसविले. पेटीची पाठ मात्र उघडी ठेवली. उघड्या पाठीमुळे वर सांगितलेले भांडण पुन्हा जुंपले आणि जोर लावताच बेस फाटू लागला. परंतु साध्या गिटारीला ती पेटी इतकी मानवली, की गिटारवाल्यांनी ती पळविलीच. १९६२ साली लंडनच्या जिम मार्शलने त्याच बेसमनच्या विद्युत्-मंडलाची जवळजवळ नक्कल केली, पण स्पीकर बारा इंची चार घेतले आणि पाठ बंद केली. त्यातून निघालेला आवाज इतका निराळा, की पुढचे सारे रॉक संगीत त्यावर उभे राहिले. मंडल एकच, पेट्या दोन, वाद्ये दोन. ॲम्प्लिफायरच्या जाहिरातीत वॅटचा आकडा ठळक छापणाऱ्यांनी ही कथा कधी सांगितलेली नाही.

आता मेळाविषयी. ॲम्प्लिफायर आणि पेटी यांचा विवाह जुळविताना तीन पत्रिका पाहाव्या लागतात. पहिली ओहमची, म्हणजे स्पीकर विजेच्या प्रवाहाला किती अडवतो याची. आठ ओहमच्या दोन पेट्या समांतर जोडल्या की चार ओहम होतात, चार जोडल्या की दोन. अडथळा घटला की प्रवाह वाढतो. ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर चार ओहमपर्यंतच चालणारा असेल आणि त्याच्या गळ्यात दोन ओहम बांधले, तर तो तापतो आणि अखेर जळतो. जुन्या व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरचे उलटे आहे. त्याच्या ट्रान्सफॉर्मरच्या ज्या फाट्यावर जो आकडा लिहिला असेल तीच पेटी तेथे लावावी, आणि पेटी न लावता तो कधीही चालू करू नये. ओझे नसताना त्याचा ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. दुसरी पत्रिका वॅटची. येथे सर्वसामान्यांची जी समजूत आहे ती दूर होणे अवघड. शक्ती दुप्पट केली तर आवाज तीन डेसिबलनेच वाढतो. कानाला 'दुप्पट' वाटावा असे हवे असेल तर शक्ती सुमारे दहापट करावी लागते. तिसरी पत्रिका फार थोडे लोक वाचतात, ती म्हणजे पेटीची संवेदनक्षमता: एक वॅट दिला असता एक मीटरवर किती डेसिबल? ९३ डेसिबलच्या पेटीला ४०० वॅट देऊन जे मिळते, ते ९९ डेसिबलच्या पेटीला १०० वॅट देऊन मिळते. म्हणजे ॲम्प्लिफायरवरचा खर्च चौपट करण्याऐवजी पेटी नीट पारखणे शहाणपणाचे.

मग साऱ्याच पेट्या अशा का नसतात? बोस्टनजवळच्या केएलएच कंपनीतील 'एच', म्हणजे अँटन हॉफमन, याने याचे उत्तर दिले. (प्रख्यात पियानोवादक जोसेफ हॉफमन याचा हा मुलगा.) पेटी लहान हवी, खर्ज खोल हवा आणि थोड्या शक्तीत मोठा आवाज हवा, या तिघांपैकी दोनच एका वेळी मिळतात. आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही, हे आपल्याकडे विहिरीवरच्या पोरालाही ठाऊक होते. पुढे ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थील याने १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल याने १९७० नंतरच्या काही वर्षांत या साऱ्याचे गणित मांडले. स्पीकरचे दोन-चार गुणधर्म मोजले की त्याला किती घनफुटांची पेटी लागेल हे कागदावर काढता येऊ लागले. तोपर्यंत सारा कारभार सुताराच्या आणि वादकाच्या कानावर चालत होता.

त्या कानाच्या जोरावर झालेले सर्वांत मोठे काम १९६९ चे. ॲम्पेगने ३०० वॅटचा, चौदा व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर बनविला. रोलिंग स्टोन्सच्या त्या वर्षीच्या अमेरिका दौऱ्यात तो प्रथम गाजला. त्याच्याबरोबरच्या पेटीत पंधरा इंची नव्हे, दहा इंची आठ स्पीकर होते. प्रत्येक ३२ ओहमचा, आठ मिळून चार ओहम. पेटी चारी बाजूंनी बंद आणि आत कप्पे. खर्जासाठी लहान स्पीकर का, असा प्रश्न कोणालाही पडेल. आठांचे मिळून क्षेत्रफळ पंधरा इंचीच्या साडेतीनपट होते, हे एक उत्तर. परंतु खरी गंमत पुढेच आहे. बेस गिटारच्या सर्वांत खालच्या तारेची सेकंदाला सुमारे ४१ कंपने होतात, आणि या पेटीचा आवाज ५८ च्या खालीच उतरू लागतो! म्हणजे जो स्वर ऐकून लोक गेली पन्नास वर्षे डोलत आहेत, त्याचा पाया पेटीतून फारच क्षीण निघतो. ८२, १२३, १६४ असे त्याचे वरचे सहस्वर मात्र ठसठशीत येतात आणि त्यांच्यावरून कान पाया आपण होऊन रचतो. कानाच्या या करामतीकडे झेबेक या जर्मन पंडिताने १८४१ मध्येच लक्ष वेधले होते.

येथे मला मिरज आठवते. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांचा धंदा इंग्रजी अमलात बसला, तेव्हा त्यांच्यातील फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तंतुवाद्ये घडविण्यास प्रारंभ केला. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचे. आपल्यापैकी कितीतरी घरांच्या कोपऱ्यात मिरजेचा तंबोरा गवसणीत उभा असेल. काळी एकला लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याच्या खर्जाची कंपने सेकंदाला ६९ होतात. चार फूट घेराच्या भोपळ्याला ती पूर्णपणे बाहेर टाकणे झेपणारे नाही. जवारीचा कारागीर घोडीवर सुताने अशी सोय करतो, की तारेची शक्ती सहस्वरांत वाटली जावी. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये या घोडीचा अभ्यास केला आणि सामान्य तारेत जे सहस्वर निघू नयेत तेही येथे निघतात, हे दाखविले. न्यू जर्सीतल्या पेटीने जे साधले, ते मिरजेच्या भोपळ्याने आधीच साधले होते: खर्ज प्रत्यक्ष द्यावयाचा थोडा आणि सुचवावयाचा फार. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले हे उत्तमच झाले. पण १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून बंगळुरात बनू लागलेल्या इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याने बैठकीतली जागा बळकावली आहे. त्याची चार इंची पेटी तोच खेळ खेळते, फक्त भोपळ्याशिवाय. मला तो कोरडा लागतो.

आपल्या देशात बेस गिटार आली ती मुंबईच्या चित्रपट-संगीतातून, मुख्यतः गोमंतकीय वादकांच्या हातून. राहुल देव बर्मन यांच्या वृंदातले टोनी वाझ यांचे नाव त्यात ठळक. परंतु ध्वनिमुद्रिकेत घुमणारा तो बेस आपल्या मंडपांत पोचलाच नाही. आयात दुर्मिळ होती. मंडपात होते ते देशी ॲम्प्लिफायर (दिल्लीच्या अहुजांची कंपनी १९४० पासूनची) आणि खांबांवर बांधलेले कर्णे. लांब तारांतून शक्ती वाया जाऊ नये म्हणून शंभर व्होल्टच्या वाहिनीवर ते जोडलेले असत, अगदी गावाला वीज पुरविल्यासारखे. व्यवस्था चोख, पण तो कर्णा तीनशे कंपनांच्या खाली मुकाच. एका पिढीने ती गाणी उत्सवात खर्जाविनाच ऐकली. ऑर्केस्ट्रांत बेस आला तेव्हा तो हाताशी असेल त्या पेटीला जोडला जाई. एका स्नेहसंमेलनात उघड्या पाठीच्या गिटार-ॲम्प्लिफायरला बेस लावलेला मी पाहिला आहे. तिसऱ्या गाण्यात स्पीकरचा कागद फाटला. नवल नव्हे, एक सप्तक खाली उतरले की तेवढ्याच आवाजासाठी पडद्याला चौपट हलावे लागते.

पुढे हे मौन फिटले ते व्याजासकट. ट्रकवर रचलेल्या भल्या थोरल्या पेट्या आल्या आणि मेळ घालण्याची जागा वॅटच्या राशींनी घेतली. २००० सालच्या नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. मात्र ही मोजणी ज्या 'ए' मापाने होते ते कानाच्या मंद आवाजातील सवयीवर बेतलेले असून पन्नास कंपनांच्या स्वरातून तीस डेसिबल वजा करते. तावदाने थरथरतात, भिंतीपलीकडे निजलेला वृद्ध दचकतो, आणि मापक त्या मानाने फार कमी आकडा दाखवितो. हैदराबाद पोलिसांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये धार्मिक मिरवणुकांतील डीजेवर बंदीच घातली. ज्या शहराने १८९५ पासून हा उत्सव केला, तेथे ही वेळ यावी याची खंत वाटते. पण बंदीला विरोध करण्याजोगा युक्तिवाद मला सापडलेला नाही.

असो. घरात वाजविणाऱ्यासाठी दोन शब्द. आज तीन किलोचा ॲम्प्लिफायर ५०० वॅट देतो. पेटी मात्र त्या प्रमाणात लहान झालेली नाही, कारण ४१ कंपनांची लहर आजही सव्वाआठ मीटरांचीच आहे. आठ ओहमची, चांगल्या संवेदनक्षमतेची एकच पेटी घ्यावी. पुढे दुसरी तशीच जोडता येते. ती कोपऱ्यात ठेवली तर खर्ज वाढतो, भिंतीपासून ओढली तर उतरतो, आणि हा फरक फुकटचा आहे. खोली ही पेटीबाहेरची पेटीच होय. सुलतानबाजार-काचीगुड्याच्या जुन्या घरांतील बारा फुटी खोली सेकंदाला सत्तेचाळीस कंपनांच्या आसपास स्वतःच घुमते. चौथ्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावरचा स्वर नेमका तेथेच पडतो. तो तेवढा एक हलक्या बोटाने वाजवावा.