एडिंबरोचा नकार आणि डब्लिनचा परवाना

मुंबई इलाख्यातील स्त्रियांच्या वैद्यकीय शिक्षणाचा इतिहास लिहिताना अभ्यासक बहुधा 1883 या वर्षापासून आरंभ करतात. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाचे द्वार स्त्रियांना खुले झाले ते त्याच सुमारास आणि डॉ. ईडिथ पीची मुंबईत उतरल्या त्याही त्याच वर्षाच्या अखेरीस. कामा रुग्णालयाच्या संदर्भात त्यांचे नाव आदराने घेतले जाते; परंतु मुंबईला येण्यापूर्वीची त्यांची चौदा वर्षे कशात गेली, याचा विचार क्वचितच होतो. ही वर्षे प्रवेशाचा नकार, अनिश्चित प्रतीक्षा आणि दुसऱ्या मार्गाचा शोध यांत गेली होती. नाकारलेल्या विद्यार्थ्यापुढे जो प्रश्न उभा राहतो, म्हणजे त्याच दारावर धडका द्याव्यात की दुसरीकडे वळावे, तो या काळात प्रत्यक्ष वादाच्या रूपाने मांडला गेला, म्हणून त्याचे महत्त्व विशेष आहे.

या प्रश्नाचे मूळ 1858 च्या ब्रिटिश वैद्यकीय कायद्यात होते. ज्याचे नाव अधिकृत नोंदपटावर असेल त्यालाच कायद्याने मान्य वैद्य समजावे आणि नोंदपटावर येण्यासाठी ब्रिटनमधील एखाद्या संस्थेची पदवी अगर परवाना असावा, असा तो नियम. परदेशी पदवी घेऊन कायद्यापूर्वीच ब्रिटनमध्ये व्यवसाय करणाऱ्यांना तेवढी सवलत होती; एलिझाबेथ ब्लॅकवेल यांचे नाव तिच्या आधारे नोंदपटावर आले. एलिझाबेथ गॅरेट यांनी 1865 मध्ये औषधविक्रेत्यांच्या संस्थेचा परवाना मिळवला, तर त्या संस्थेने लवकरच नियम बदलून ती वाट बुजवून टाकली. एक विद्यार्थिनी आत जावी आणि तिच्यामागे दार लागावे, असा हा प्रकार होता.

1869 च्या वसंतात सोफिया जेक्स-ब्लेक यांनी एडिंबरो विद्यापीठाकडे अर्ज केला. एकट्या स्त्रीसाठी स्वतंत्र व्यवस्था करता येत नाही, या कारणावरून विद्यापीठाने तो फेटाळला. वस्तुतः या नकारातच पुढील उपाय दडलेला होता. एकटीसाठी व्यवस्था होत नसेल तर अनेकींनी यावे, हे ओळखून जेक्स-ब्लेक यांनी सहाध्यायिनी मिळवल्या. ऑक्टोबरमधील प्रवेशपरीक्षेला बसलेल्या 152 उमेदवारांत पाच स्त्रिया होत्या आणि त्यांपैकी चौघी पहिल्या सातांत आल्या. पूर्वी शिक्षिका म्हणून चरितार्थ चालवलेल्या ईडिथ पीची या पाचजणींपैकी एक होत. पुढे आणखी दोघी येऊन सात झाल्या.

प्रवेश मिळाला, पण तो अपुरा होता. 1870 च्या रसायनशास्त्राच्या परीक्षेत पीची यांना मिळालेल्या क्रमांकानुसार होप शिष्यवृत्तीवर त्यांचा हक्क होता. परंतु स्त्रियांचा वर्ग वेगळ्या वेळी भरतो, सबब त्या या वर्गाच्या विद्यार्थिनी नव्हेत, असे ठरवून ती त्यांच्या खालच्या क्रमांकाच्या विद्यार्थ्यांना देण्यात आली. पीची यांच्या वाट्याला कांस्यपदक तेवढे आले. विद्यापीठाच्याच आज्ञेने वेगळे बसवलेल्या विद्यार्थिनीला वेगळे बसल्याबद्दल दंड व्हावा, हा न्याय विलक्षणच म्हटला पाहिजे. ज्या प्राध्यापक होप यांनी ही शिष्यवृत्ती ठेवली त्यांनी तिचा निधी पूर्वी स्त्रियांसाठी दिलेल्या व्याख्यानांच्या उत्पन्नातून उभा केला होता, हेही येथे नमूद केले पाहिजे. नोव्हेंबर 1870 मध्ये शरीररचनाशास्त्राच्या परीक्षेच्या वेळी जमावाने या विद्यार्थिनींची वाट अडवली आणि प्रकरण देशभर गाजले. अखेरीस वाद न्यायालयात गेला. 1873 मध्ये स्कॉटलंडच्या सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने असा निर्णय दिला की, विद्यापीठाला स्त्रियांना प्रवेश देण्याचा मुळी अधिकारच नव्हता. म्हणजे चार वर्षांपूर्वीचा प्रवेशही निरर्थक ठरला.

याच वेळी पर्यायांचा वाद पेटला. गॅरेट यांनी (त्या आता विवाहानंतर गॅरेट अँडरसन या नावाने ओळखल्या जात आणि 1870 मध्ये त्यांनी पॅरिसची पदवी मिळवली होती) लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून स्त्रियांनी तूर्त परदेशी शिक्षण घ्यावे, असा सल्ला दिला. जेक्स-ब्लेक यांनी त्याच पत्रातून त्याला विरोध केला. परदेशी पदवीने नोंदपटावर नाव येत नाही, मग पदरात पडले काय, हा त्यांच्या भूमिकेचा गाभा होता. पुढील घटनाक्रम पाहता दोघींचेही म्हणणे अर्धे खरे ठरले असे दिसते. सातांपैकी पाचजणींना पदव्या मिळाल्या त्या पॅरिस आणि बर्न येथेच. मात्र कायदा बदलल्यावाचून त्या पदव्यांना मायदेशी वैधानिक मूल्य नव्हते. पर्यायाची प्रतिष्ठा किती यापेक्षा तो पुढचे कोणते दार उघडतो, हाच या वादातील खरा मुद्दा होता.

जेक्स-ब्लेक यांनी परदेशगमनाला विरोध केला तरी त्या एडिंबरोच्या दाराशी बसून राहिल्या नाहीत. 1874 मध्ये त्यांच्या पुढाकाराने लंडन येथे स्त्रियांसाठी वैद्यकीय विद्यालय सुरू झाले. आरंभीच्या चौदा विद्यार्थिनींत बहुसंख्य एडिंबरोहून आलेल्या होत्या. विद्यालय झाले, पण परीक्षा घेणारी संस्था मिळेना. पीची, जेक्स-ब्लेक आणि इझाबेल थॉर्न यांनी इंग्लंडच्या शल्यवैद्यांच्या महाविद्यालयाकडे प्रसूतिशास्त्राच्या परवान्यासाठी अर्ज केला, तेव्हा 1876 मध्ये तेथील परीक्षकांनी राजीनामे देऊन परीक्षाच अशक्य करून टाकली. त्याच वर्षी संसदेने संस्थांना स्त्रियांची परीक्षा घेण्याची मुभा देणारा कायदा केला. सक्ती नव्हती, केवळ मुभा होती. डब्लिनच्या वैद्यांच्या महाविद्यालयाने तिचा लाभ घेतला. पीची आणि जेक्स-ब्लेक यांनी जानेवारी 1877 मध्ये बर्नची पदवी आणि मे महिन्यात डब्लिनचा परवाना मिळवला. पदवी एका देशाची, परवाना दुसऱ्या देशाचा, अशी ही जुळणी होती. पण तिने नोंदपटाचे दार उघडले.

सर्वांना ते शक्य झाले नाही. थॉर्न यांनी पदवीचा नाद सोडून 1877 मध्ये लंडनच्या विद्यालयाचे मानद चिटणीसपद स्वीकारले आणि दुसऱ्यांच्या शिक्षणाची व्यवस्था पाहिली. यशस्वी झालेल्यांच्या कथेत ही किंमत सहसा धरली जात नाही.

पीची यांनी लीड्स येथे व्यवसाय मांडला. इकडे मुंबईत जॉर्ज किट्रिज आणि सोराबजी शापुरजी बंगाली यांनी स्त्रीवैद्य आणण्यासाठी निधी जमवण्यास आरंभ केला होता आणि पेस्तनजी होरमसजी कामा यांनी रुग्णालयासाठी देणगी दिली होती. किट्रिज यांना पीची यांचे नाव सुचवले ते गॅरेट अँडरसन यांनीच. त्यामुळे 1886 मध्ये उघडलेल्या कामा रुग्णालयाला मिळालेली प्रमुख वैद्य ही एडिंबरोने परत पाठवलेली विद्यार्थिनी होती.

या दुसऱ्या वाटेचा लाभ पुढे ज्यांना झाला त्यांत रखमाबाई प्रमुख होत. दादाजी भिकाजी यांच्याबरोबरचा त्यांचा खटला 1888 मध्ये तडजोडीने संपला. डॉ. पीची यांच्या साहाय्याने 1889 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि लंडनच्या त्याच विद्यालयात शिकल्या. 1894 मध्ये त्यांनी स्कॉटलंडच्या वैद्यकीय महाविद्यालयांचा परवाना मिळवला. एडिंबरो विद्यापीठाने आपल्या वैद्यकीय पदव्या स्त्रियांना खुल्या केल्या त्याही त्याच वर्षी. मायदेशी परतल्यावर रखमाबाईंनी सुरतेस आणि नंतर राजकोटला अनेक वर्षे रुग्णसेवा केली.

2019 मध्ये एडिंबरो विद्यापीठाने आपल्या त्या सातही विद्यार्थिनींना मरणोत्तर मानद पदवी दिली. त्यांपैकी थॉर्न आणि हेलन इव्हान्स या दोघींना हयातीत कोणतीही वैद्यकीय पदवी मिळाली नव्हती.