पांढरा रंग आणि बहिरी पिल्लं

डाल्मेशियन म्हटलं की आपल्याला डिस्नेचा १९६१ सालचा सिनेमा आठवतो. ठिपकेवाली गोंडस पिल्लं, बस्स! पण मंडळी, या जातीच्या इतिहासात एक वाईट पानही आहे. या वीकांताला त्याबद्दल.

इंग्लंडात १८व्या-१९व्या शतकात हे कुत्रे श्रीमंतांच्या बग्गीबरोबर धावायचे, पुढे अमेरिकेत घोड्यांच्या आगीच्या बंबांबरोबर. पांढऱ्याशुभ्र अंगावर काळे ठिपके, लोक त्यावरच फिदा. पिढ्यानपिढ्या त्याच रंगासाठी निवड होत गेली, आणि घोळ तिथेच झाला. आतला कान नीट चालायला रंगद्रव्याच्या पेशी लागतात. पांढरेपणा आणणाऱ्या जनुकांमुळे काही पिल्लांत त्या तिथवर पोचतच नाहीत. मग पिल्लू तीन-चार आठवड्यांचं होईतो कानातल्या ऐकणाऱ्या पेशी मरून जातात. आमच्या धंद्यातल्या भाषेत, फीचर मागितलं आणि बग फुकट मिळाला. तशी कुणकुण जुनीच: निळ्या डोळ्यांची मांजरं बहिरी असतात, असं डार्विनने १८५९ सालीच लिहिलं होतं.

लुइझियानाच्या जॉर्ज स्ट्रेन यांनी अमेरिकेतल्या हजारो डाल्मेशियनांची आकडेवारी मांडली: सुमारे ८ टक्के दोन्ही कानांनी बहिरे, २२ टक्के एका कानाने.

या पिल्लांचं काय करायचे? दोन्ही कानांनी बहिरं असेल तर इंजेक्शन देऊन संपवायचं. अमेरिकेतल्या डाल्मेशियन क्लबची भूमिका अनेक वर्षं हीच होती. कारणं ठरलेली: दचकून चावतो, गाडीखाली येतो, शिकवता येत नाही.

बरं, एवढं करूनही बहिरेपण संपलं नाहीच. कारण परीक्षा व्हायची टाळी वाजवून, भांडं आपटून. एका कानाने ऐकणारं पिल्लू त्यात आरामात पास, आणि मोठं होऊन तेच पुढच्या पिल्लांचं आई किंवा बाप! १९८०च्या दशकात कुत्र्यांसाठी 'बेअर' चाचणी वापरात आली. कानात आवाज सोडून मेंदूकडे जाणारे विद्युतसंदेश ती मोजते, त्यामुळे प्रत्येक कान वेगळा तपासता येऊ लागला.

आणि शिकवता येत नाही म्हणाल, तर शिकारी लोक आपले कुत्रे लांबून हाताच्या खुणांनी चालवतच होते की! अंगठा वर म्हणजे शाब्बास, लगेच खाऊ. रात्री अंगणातून बोलवायला टॉर्चची उघडझाप. उठवताना आधी नाकाशी खाऊ, मग अलगद हात. रोज केलं की दचकणं कमी होतं. रस्त्यावर मात्र पट्टा कधीच सोडायचा नाही, मागचा हॉर्न त्याला ऐकू येणार नाही.

असो. डाल्मेशियन घ्यायला निघाला असाल, तर आईबापांच्या कानांची तपासणी झालीय का, एवढं नक्की विचारा. आणि घरचं पिल्लू हाकेला वळत नसेल, तर हट्टी म्हणून ओरडण्याआधी डॉक्टरला दाखवा. कदाचित ते तुमच्या हाताकडे बघत बसलं असेल.