जखमी माणसाची पारख

रणांगणापासून मैल-दोन मैलांवरच्या एका खेड्यांत, एका साध्या घराच्या पडवींत तीन जखमी आणून ठेविले आहेत, असें श्रोत्यांनीं क्षणभर डोळ्यांपुढें आणावें. पहिल्याच्या पायाला मोठी जखम आहे व तो आक्रोश करीत आहे. दुसरा पाणी मागत आहे. तिसरा कोपऱ्यांत अगदीं निपचित पडला असून त्याच्या कपड्यांवर रक्ताचा डागही फारसा दिसत नाहीं. डॉक्टर एकच. त्यानें प्रथम कोणाकडे जावें? नवशिक्याचे पाय आपोआप ओरडणाऱ्याकडे वळतात. परंतु जो मोठ्यानें ओरडतो त्याचा घसा मोकळा आहे आणि छातींत दम आहे, एवढें तरी त्या ओरडण्यानेंच कळून चुकतें. मुक्या माणसाविषयीं तेवढेंही कळलेलें नसतें. म्हणून जाणता वैद्य आधीं कोपऱ्याकडे जातो.

ही बुद्धि कोणास उपजत नसते. ती शिकावी लागते, आणि ती दयेच्या विरुद्ध वाटत असल्यामुळें शिकावयास कठीण जाते. सोलापूरच्या एका सुपुत्रानें ती परदेशीं, तोफांच्या आवाजांत पक्की केली आणि परक्या भाषेंत दुसऱ्यांस शिकविली. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म सोलापुरास १० ऑक्टोबर १९१० रोजीं झाला. वैद्यकीचें शिक्षण त्यांनीं मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजांत घेतलें. इस्पितळांतील विद्यार्थ्याला रोगी पाहण्याची जी रीत शिकवितात ती सावकाशीची असते. आपल्या जुन्या वैद्यांनीं दर्शन, स्पर्शन व प्रश्न अशी त्रिविध परीक्षा सांगितली. पाश्चात्त्य वैद्यकानें तींत बोटांनीं ठोकून पाहणें व नळीनें ऐकणें यांची भर घातली. रोगी खाटेवर स्वस्थ असतो, नातेवाईक हकीकत सांगावयास जवळ असतात, आणि सकाळीं सुटून गेलेली गोष्ट सायंकाळीं पुन्हां विचारतां येते. युद्धांत यांतली एकही सोय नाहीं.

१९३७ सालीं जपाननें चीनवर स्वारी केली. चीनच्या विनंतीवरून राष्ट्रसभेनें पांच डॉक्टरांचें पथक पाठविलें: अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू व मुखर्जी, आणि कोटणीस. सप्टेंबर १९३८ मध्यें तीं मंडळी मुंबईहून बोटीनें निघालीं. चीनमध्यें पोंचल्यावर थोड्याच महिन्यांत वडील वारल्याची बातमी कोटणीसांस कळली. तरी ते परतले नाहींत. १९३९ च्या फेब्रुवारींत पथक येनानला पोंचलें. पुढें एकेक सहकारी स्वदेशीं परतला. कोटणीस मात्र उत्तर चीनच्या डोंगराळ मुलखांतील आघाडीकडे गेले.

त्या मुलखांत त्यांच्यापूर्वीं नॉर्मन बेथ्यून हा कॅनेडियन शल्यवैद्य काम करून गेला होता. जखमी येईपर्यंत डॉक्टरनें वाट पाहूं नये, डॉक्टरनें जखमीकडे जावें, हा त्याचा आग्रह. शस्त्रक्रिया करितांना बोट कापून रक्तांत विष भिनल्यामुळें १९३९ च्या नोव्हेंबरांत तो मरण पावला. कल्पना मुळांत जुनी होती. नेपोलियनच्या सैन्यांतील दोमिनिक लारे या शल्यवैद्यानें दीडशें वर्षांपूर्वींच हलक्या घोडागाड्या लढाईच्या अगदीं जवळ नेल्या होत्या, आणि शिपाई कीं सेनापति हें न पाहतां ज्याची जखम अधिक भारी त्याला आधीं हात लावावा, असा दंडक घातला होता. सेनापतीला रांगेंत थांबविणें त्या काळीं लहान गोष्ट नव्हे.

पण जखम भारी कीं हलकी हें ओळखावें कसें? येथेंच डोळा फसतो. डोक्याची कातडी थोडी फाटली तरी रक्ताचे ओघळ वाहतात आणि पाहणारा घाबरून जातो. उलट पोटांत प्लीहा फुटली तर बाहेर थेंबही दिसत नाहीं. त्या रोग्याची नाडी मात्र बारीक व जलद होते, हातपाय गार पडतात, अंगाला चिकट घाम सुटतो, आणि मनुष्य उगाच अस्वस्थ होऊन पुढें सुस्त पडतो. रक्तदाब उतरतो तो बहुधा नंतर. तोंपर्यंत थांबणाऱ्यानें उशीर केलेला असतो. हीं चिन्हें ओळखावयास मोठीं यंत्रें लागत नाहींत, पण हात सवयीचा लागतो.

बेथ्यूनच्या नांवानें निघालेल्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख म्हणून जानेवारी १९४१ मध्यें कोटणीसांची नेमणूक झाली. रुग्णालयाला जोडून वैद्यकीय शाळा होती. चिनी भाषा आत्मसात करून कोटणीस त्या शाळेंत शिकवीत. शिकविण्यास पुस्तक नाहीं म्हणून शल्यशास्त्राच्या सामान्य तत्त्वांवरचें पुस्तक त्यांनीं चिनी भाषेंत स्वतःच लिहिलें व दुसरें हातीं घेतलें. व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटानें कोटणीसांचें नांव घरोघर पोंचविलें, हें खरें. परंतु या मास्तरकीची आठवण फारच थोडे काढतात. एक डॉक्टर आपल्या दोन हातांनीं किती जखमी पाहील? त्यानें शिकविलेले विद्यार्थी मात्र वेगवेगळ्या तुकड्यांबरोबर जातात.

याच शाळेंत परिचर्या शिकविणाऱ्या को चिंगलान यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. १९४२ च्या ऑगस्टांत मुलगा झाला. हिंद व चीन या दोन देशांच्या नांवांवरून त्याचें नांव इनह्वा ठेविलें. कोटणीसांस अपस्माराचे झटके येत असत, तरी काम सुटलें नाहीं. ९ डिसेंबर १९४२ रोजीं वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं त्यांचें देहावसान झालें. दुसरें पुस्तक अपुरें राहिलें.

शांततेच्या काळांत ही विद्या मुलकी लोकांपर्यंत पोंचावयास आश्चर्य वाटावें इतका वेळ लागला. १९७४ सालीं ग्लासगोच्या दोन डॉक्टरांनीं शुद्धि मोजण्याची रीत बसविली: डोळे केव्हां उघडतात, उत्तर कसें येतें, हातपाय कसे हलतात, यांवरून ३ पासून १५ पर्यंत गुण द्यावयाचे. ‘जरा गुंगींत आहे’ हा मोघम शब्द त्यामुळें निरुपयोगी ठरला. १९७६ सालीं अमेरिकेंत नेब्रास्काच्या शेतांत जेम्स स्टायनर या शल्यवैद्याचें विमान कोसळलें. पत्नी जागीं गेली, मुलें जखमी झालीं, आणि जवळच्या इस्पितळांत जी शुश्रूषा मिळाली ती पाहून तो संतापला. त्या संतापांतून अपघातग्रस्त तपासण्याचा ठराविक क्रम शिकविणारा अभ्यासक्रम निघाला: प्रथम श्वासाचा मार्ग मोकळा आहे काय, मग श्वास, मग रक्ताभिसरण, मग शुद्धि, आणि शेवटीं कपडे बाजूला सारून सर्व अंग. जें आधीं जीव घेतें तें आधीं पाहावयाचें.

महाराष्ट्रांत १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा १९१४ च्या नव्हे, तर तब्बल शंभर वर्षांनंतरच्या, म्हणजे २०१४ च्या जानेवारींत सुरू झाली. ९३७ गाड्यांची तिची योजना होती. पुणें–हैदराबाद रस्ता सोलापुरावरून जातो, आणि आषाढींत पंढरपुराकडे लाखो पावलें वळतात. तेव्हां या जिल्ह्याला अशा माणसांची गरज किती, हें सांगावयास नको. त्यांचें शिक्षण सतरंजीवर होतें. एक विद्यार्थी अपघातग्रस्त होऊन पडतो, मांडीवर लाल रंग फासलेला असतो. दुसरा धांवत येऊन गुडघे टेकतो व थेट त्या मांडीला हात घालतो. शिक्षक त्याला उठवितात आणि पुन्हां दारापासून यावयास सांगतात: आधीं जागा सुरक्षित आहे काय तें पाहा, मग त्याला हांक मार, मग छातीकडे बघ. तिसऱ्या-चौथ्या खेपेस केव्हांतरी त्याची नजर रंगावरून उठून पडलेल्याच्या चेहऱ्याकडे जाते.