मिटिंगचा पत्ता

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एए, ही दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांच्या आधारासाठी उभी केलेली चळवळ. सभासदांची नावे बाहेर जाऊ द्यायची नाहीत आणि तरीही अनोळखी गरजवंताला मिटिंगची जागा सापडली पाहिजे, हा पेच तिच्यापुढे आरंभापासून आहे. एएच्या बारा पायऱ्यांवर भरपूर लिहिले गेले आहे. लोक मिटिंगपर्यंत पोहोचत कसे, याची कहाणी मात्र सहसा बाजूला राहते. वास्तविक चळवळ जगली ती त्यामुळेच.

तिची सुरुवात झाली एका शोधातूनच. मे १९३५ मध्ये न्यूयॉर्कचे बिल विल्सन ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन शहरात व्यवसायाच्या कामासाठी आले होते. दारू सुटून पाचएक महिने झाले होते. काम फसले. मेफ्लॉवर हॉटेलच्या दिवाणखान्यात एका अंगाला बार होता आणि दुसरीकडे टेलिफोन, शेजारी शहरातील चर्चची यादी. विल्सन यांनी यादीतल्या वॉल्टर टंक्स या धर्मगुरूंना फोन केला. त्यांनी दिलेल्या नावांचा माग काढत ते हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंपर्यंत पोहोचले. ऑक्सफर्ड ग्रुप या धार्मिक मंडळातल्या या बाईंना डॉ. रॉबर्ट स्मिथ या शल्यविशारदाच्या दारूची काळजी लागलेली होती. १२ मे रोजी सायबरलिंगबाईंच्या घरी विल्सन आणि डॉ. स्मिथ यांची भेट झाली. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या अटीवर आले आणि कित्येक तास बोलत बसले. विल्सन उपदेश करायला गेले नव्हते. स्वतःची दारू सुटलेली राहावी म्हणून त्यांना दुसऱ्या दारुड्याशी बोलण्याची गरज होती. मदत मागणारा आणि देणारा एकाच पायरीवर बसतो, ही एएची सगळ्यात मोलाची गोष्ट या भेटीतच आहे. डॉ. स्मिथ यांनी शेवटचा घोट घेतला तो दिवस, १० जून १९३५, एएचा स्थापनादिन मानला जातो.

पहिली काही वर्षे पत्ता जाहीर करण्याची गरज पडली नाही. अ‍ॅक्रनमध्ये टी. हेन्री विल्यम्स यांच्या घरी आणि ब्रुकलिनमध्ये विल्सन यांच्या घरी लोक जमत. सभासद इस्पितळात जाऊन रुग्णांशी बोलत आणि नव्या माणसाला सोबत घेऊन येत. एप्रिल १९३९ मध्ये चळवळीचे 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' हे पुस्तक निघाले. त्याच्याच नावाने पुढच्या महिन्यात क्लीव्हलंडचा गट ऑक्सफर्ड ग्रुपपासून वेगळा झाला. जिथे एकही गट नव्हता अशा गावांत पुस्तक पोहोचले आणि न्यूयॉर्कच्या टपालपेटीवर पत्रे येऊ लागली. सचिव रूथ हॉक त्यांना उत्तरे लिहीत आणि जवळपास कोणी सभासद असेल तर गाठ घालून देत.

१९३९ च्या शरद ऋतूत क्लीव्हलंडच्या 'प्लेन डीलर' दैनिकात लेखमाला आली आणि गटांकडे अचानक रीघ लागली. काही आठवड्यांपूर्वी दारू सुटलेली माणसेच नवागतांना सांभाळू लागली. १ मार्च १९४१ रोजी 'सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट'मध्ये जॅक अलेक्झांडर यांचा लेख छापून आला. त्या वर्षाच्या आरंभी सुमारे २,००० असलेली सभासदसंख्या वर्षअखेर ८,००० च्या घरात गेली. आलेली पत्रे गावांनुसार लावून त्या त्या भागातल्या गटांकडे पाठवली जात. कामानिमित्त गावोगाव हिंडणाऱ्या विक्रेत्या सभासदांकडेही अशा नावांच्या याद्या असत.

पुढे मोठ्या शहरांत गटांनी मिळून इंटरग्रुप कार्यालये काढली. टेलिफोन डिरेक्टरीत संस्थेचे नाव असे, व्यक्तीचे नसे. फोन करणाऱ्याला जवळच्या मिटिंगचा वार, वेळ आणि जागा सांगितली जाई. खुल्या मिटिंगला कुटुंबीय किंवा अभ्यासकही येऊ शकत. बंद मिटिंग फक्त दारूचा त्रास असणाऱ्यांची. १९५० मध्ये स्वीकारलेल्या बारा परंपरांनी सभासदत्वासाठी दारू सोडण्याची इच्छा एवढी एकच अट ठेवली. प्रत्यक्षात हे दार सर्वांना सारखे उघडे नव्हते. वर्णभेदामुळे १९४५ साली वॉशिंग्टनमध्ये कृष्णवर्णीय सभासदांना वेगळा गट उभारावा लागला. हा अन्याय इतिहासात नीट नोंदला गेला पाहिजे.

भारतात एए १९५७ मध्ये आली. मुंबईत चर्चची सभागृहे आणि शाळांचे वर्ग मिटिंगला मिळत गेले. भाषा मराठी, हिंदी, इंग्रजी अशा जमावानुसार. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या आर्थिक पाठबळावर, मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. उपचार संपवून घरी परतणाऱ्याला आपल्या भागातली मिटिंग माहीत असणे फार गरजेचे असते, कारण खरी परीक्षा घरी आणि नाक्यावर होते.

छापील याद्यांची जागा पुढे संकेतस्थळांनी आणि मोबाइल अ‍ॅपने घेतली. २०२० च्या टाळेबंदीत सभागृहे बंद झाली, तेव्हा मिटिंगा झूमवर गेल्या आणि एकाकी माणसालाही घरबसल्या गट सापडू लागला. पण जाहीर लिंकवरून उपद्रवी लोकही घुसले. काही गटांनी मग पासवर्ड यादीतून काढला आणि विचारणाऱ्याला तो स्वतंत्रपणे देण्याची पद्धत ठेवली.